भरतीच्या रांगेतला खेळाडू

महाविद्यालयात खेळणारा वीस वर्षांचा पोरगा पुढे पैसे घेऊन खेळण्याच्या लायकीचा होईल की नाही, हे ओळखण्यावर अमेरिकेत एक अख्खा धंदा चालतो. बास्केटबॉलच्या एनबीए लीगमधले तीस संघ त्यासाठी माणसं पगारावर ठेवतात. ही माणसं वर्षभर महाविद्यालयांच्या सामन्यांना जातात, वह्या भरतात, चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहतात. एवढं करून जूनमध्ये जी निवड होते, तीही पुष्कळदा चुकते. गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीत हा प्रश्न कोणी अशा शब्दांत विचारत नाही. इथे सागवानाच्या डेपोची आणि अहेरी, सिरोंचा, भामरागड, एटापल्लीकडे फुटणाऱ्या रस्त्यांची चर्चा होते, आणि खेळाची गोष्ट निघाली तर कबड्डी आणि व्हॉलीबॉलची. बास्केटबॉल या भागात रुजलेला नाही. पण खेळाडू हेरायचा कसा, यावर सर्वांत जास्त डोकं बास्केटबॉलवाल्यांनी खपवलं आहे. म्हणून त्यांचं शिकलेलं इकडे लावून पाहायला हरकत नाही, आणि ते कुठे लागू पडत नाही तेही पाहावं.

आधी त्यांच्या चुका बघू. 2007 साली पहिल्या क्रमांकावर ग्रेग ओडन निवडला गेला, दुसऱ्यावर केविन ड्युरंट. निवडीआधीच्या चाचणीत 185 पौंडांचं वजन ड्युरंटला एकदाही उचलता आलं नव्हतं, आणि त्यावरून त्याची भरपूर चेष्टा झाली. ओडन धिप्पाड, मजबूत, भिंतीसारखा. पुढे ओडनचे गुडघे गेले आणि त्याची कारकीर्द 105 सामन्यांत आटोपली. ड्युरंट 2014 मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2014 च्या निवडीत 41 व्या क्रमांकावर निकोला योकिच नावाच्या सर्बियन पोराचं नाव आलं, तेव्हा दूरचित्रवाणीवर जाहिरात चालू होती. त्याने पुढे तीनदा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे सतनामसिंग भामरा. पंजाबातल्या बल्लो के गावचा सात फुटांहून उंच मुलगा लुधियानाच्या अकादमीतून 2010 मध्ये फ्लोरिडाला गेला आणि 2015 मध्ये डॅलसच्या संघाने त्याला 52 व्या क्रमांकावर निवडलं. एनबीएत निवडला गेलेला तो पहिला भारतीय. पण त्या लीगचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. उंचीने त्याच्यासाठी दार उघडलं. आत टिकायला लागतं ते चपळ पाऊल आणि झटपट निर्णय, आणि ते लहान वयात कणखर प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध खेळूनच येतात.

या चुकांमधून अमेरिकन लोक जे शिकले, त्यातल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. पहिली फ्री थ्रोची. महाविद्यालयाच्या एका हंगामात खेळाडू लांबून, म्हणजे तीन गुणांचे, शंभर-दोनशे फटके मारतो. त्यात नशिबाचा वाटा मोठा असतो. फ्री थ्रो मात्र ठरावीक अंतरावरून, समोर कोणी नसताना, निवांत मारायचा असतो. त्यात दिसतो तो निव्वळ हात. म्हणून पुढे हा मुलगा लांबून चांगला मारेल का, याचा अंदाज त्याच्या लांबच्या फटक्यांपेक्षा फ्री थ्रोच्या टक्केवारीवरून बरा येतो, असं बरेच जाणकार मानतात. दुसरी गोष्ट वयाची. एकोणीस वर्षांचा आणि बावीस वर्षांचा खेळाडू सारखेच गुण करत असतील, तर एकोणीस वर्षांच्या मुलाची किंमत जास्त, कारण त्याची वाढ अजून बाकी आहे. कवाय लेनर्ड सॅन डिएगोच्या महाविद्यालयात होता तेव्हा लांबचे फटके मारण्यात कच्चा होता. 2011 मध्ये पंधराव्या क्रमांकावर तो सॅन अँटोनियोला मिळाला. त्यांनी त्याचे प्रचंड मोठे पंजे आणि सरावाची चिकाटी पाहिली, आणि त्याचा फटका मुळापासून बांधून घेतला. 2014 च्या अंतिम मालिकेचा तो सर्वोत्तम खेळाडू झाला. म्हणजे हेरणाऱ्याचा खरा प्रश्न 'आज किती चांगला?' हा नसतो. 'शिकवलं तर किती वेगाने शिकेल?' हा असतो. आणि शिकण्याचा वेग एका सामन्यात दिसत नाही. तोच खेळाडू सहा महिन्यांनी, वर्षाने, अधिक तगड्या संघासमोर पुन्हा पाहावा लागतो.

हे कबड्डीला लावून पाहू. प्रो कबड्डी लीग 2014 साली सुरू झाली आणि खेड्यातल्या खेळाला पहिल्यांदा बाजारभाव आला. चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई 2018 च्या हंगामात यू मुंबाकडून पहिल्यांदा लीगमध्ये उतरला. त्याआधी महाराष्ट्राच्या राष्ट्रीय विजेत्या संघात तो चमकला होता. पहिल्याच हंगामात त्याने दोनशेहून अधिक गुण चढाईत घेतले आणि पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख मोजले. अहमदनगरकडचा अस्लम इनामदार पुणेरी पलटणमध्ये तरुण खेळाडूंच्या वाटेने आला आणि 2024 मध्ये कर्णधार म्हणून त्याने संघाला विजेतेपद मिळवून दिलं. ही दोन्ही पोरं महाराष्ट्राच्या अशा भागांतली, जिथे तालमी आहेत, मंडळं आहेत, दर आठवड्याला कुठे ना कुठे सामना आहे. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यातून असं नाव सहज आठवत नाही. तिथल्या पोरांत दम नाही, असं म्हणणाऱ्याने एकदा धान कापणीनंतरच्या दिवसांत अहेरी तालुक्यातली कुठलीही कबड्डी स्पर्धा पाहावी.

तिथे हेरणाऱ्याने काय पाहावं, यावर माझं मत असं. गावच्या मैदानावर सगळ्यांत जास्त गुण घेणारा गडी बहुधा अंगाने मोठा किंवा वेगाने पुढे असतो. समोरचे बचावपटू सात वेगवेगळ्या घरचे, दोन दिवसांपूर्वी एकत्र आलेले. त्यांची साखळी धड जुळलेली नसते. अशा बचावातून रेटून निसटणं वेगळं आणि रोज एकत्र सराव करणाऱ्या डाव्या-उजव्या कोपऱ्यातून सुटणं वेगळं. म्हणून गुणांची बेरीज बाजूला ठेवून तीन गोष्टींवर नजर ठेवावी. बोनस रेषा ओलांडताना त्याचा मागचा पाय हवेत राहतो की नाही. 'करो या मरो'च्या चढाईत तो घाईने हात मारतो की शेवटच्या दहा सेकंदांपर्यंत बचावाला हलवत ठेवतो. आणि पकड झाल्यावर, म्हणजे हरल्यावर, पुढच्या चढाईत तो तोच डाव पुन्हा खेळतो की काही बदलतो. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, कारण तिच्यात शिकण्याचा वेग दिसतो. बचावपटूच्या बाबतीत घोट्याची पकड किती जोरात केली यापेक्षा किती वेळ थांबून केली, हे पाहावं. कोपऱ्यातला उतावळा बचावपटू लीगमध्ये पहिल्या हंगामातच उघडा पडतो.

आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे कोणी फारसं लक्ष देत नाही. इथला खेळ मातीवर आणि अनवाणी चालतो. लीग मॅटवर आणि बूट घालून. मातीत अंगठा रुतवून झटकन वळणारा गडी मॅटवर पहिल्या महिन्यात घसरतो, नाहीतर बूट अडकून गुडघा मुरगळून घेतो. त्याला नापास करण्याआधी मॅटवर दोन-तीन महिने द्यावे लागतात. नागपुरात किंवा पुण्यात एका दिवसाची निवड चाचणी ठेवली, तर आलापल्लीचा पोरगा त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मॅटवर पाय ठेवत असतो. तिथे त्याची क्षमता मोजली गेली असं कोण म्हणेल? मोजली गेली ती त्याच्या गावातल्या सोयींची उणीव. शिवाय राष्ट्रीय कबड्डीत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळा खेळतो, त्यामुळे इथल्या पोराची शिडी गाव, तालुका, जिल्हा आणि मग विदर्भ अशी आहे. आलापल्लीहून चंद्रपूरच शंभराहून अधिक किलोमीटर आणि नागपूर त्याच्याही पलीकडे. लीगचा माणूस शिडीच्या वरच्या पायरीवर बसलेला असतो. खालच्या पायऱ्यांवर कोण घसरलं, हे त्याला दिसत नाही.

जंगलातलं गुणी पोर शोधायचे प्रयोग देशात झालेले आहेत. त्यांचे निकाल एकमेकांपासून फार वेगळे आहेत. 1987 साली भारतीय क्रीडा प्राधिकरणाने खेळाडू शोधण्याच्या एका योजनेखाली राजस्थानात उदयपूरकडच्या आदिवासी भागात तिरंदाजीची चाचणी घेतली आणि त्यात लिंबाराम सापडला. वर्षभरात तो सोल ऑलिंपिकमध्ये होता. पुढे 1992 आणि 1996 ची ऑलिंपिकही त्याने खेळली. याच योजनेखाली कर्नाटकात, उत्तर कन्नड भागात, सिद्दी समाजाच्या मुलांना गोळा केलं गेलं. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, म्हणून ही मुलं धावणारच, असा साधा हिशेब. काही मुलींनी पदकं मिळवली, कमला सिद्दीचं नाव गाजलं, आणि 1993 च्या सुमारास योजना गुंडाळली गेली. अर्ध्यावर सोडलेली ती पोरं गावी परतली. लिंबाराम आणि सिद्दी मुलं यांच्यातला फरक मला असा दिसतो. लिंबाराम आधीच धनुष्य हाताळत होता, आणि चाचणीत पाहिलं गेलं ते त्याचं कसब. सिद्दींच्या बाबतीत पाहिलं गेलं ते रक्त. गडचिरोलीच्या माडिया आदिवासी पोरांबद्दलही असलं रक्ताचं बोलणं अधूनमधून कानावर येतं. 'हे लोक जंगलात चालून काटक असतात' असं म्हणणारा माणूस कौतुक करत असतो, पण तो त्या पोराला बघत नसतो.

आपल्या शेजारीच झालेला प्रयोग मात्र अगदी वेगळा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांतून मुलं निवडून 'मिशन शौर्य' नावाने त्यांना गिर्यारोहणाचं शिक्षण दिलं गेलं. मे 2018 मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे आणि विकास सोयाम हे पाच जण एव्हरेस्टवर पोचले. शिखराचं कौतुक खूप झालं. मला त्यातली निवडीची पद्धत जास्त शिकण्यासारखी वाटते. मोठ्या गटातून सुरुवात झाली आणि भोंगीर, दार्जिलिंग, लडाख अशा एकाहून एक कठीण पायऱ्यांवर दरवेळी कोण कसं बदललं, हे पाहत गट लहान होत गेला. समुद्रसपाटीच्या जवळ वाढलेल्या पोराचं शरीर उंचीवर कसं वागेल, हे कागदावर कळत नाही. त्याला वर नेऊन, परत आणून, पुन्हा वर नेऊनच कळतं. लीगच्या निवडकर्त्यांनी हा धडा घ्यायला हवा होता. पण ज्यांनी एव्हरेस्टसाठी इतकी सबुरी दाखवली, त्याच व्यवस्थेत कबड्डीचा संघ एका दुपारी निवडला जातो.

वयाबद्दल वर म्हटलं, ते आपल्याकडे जसंच्या तसं चालत नाही. आश्रमशाळेच्या दाखल्यावर जून-जुलैची जन्मतारीख असलेली मुलं डझनाने सापडतात, कारण नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने तारीख टाकलेली असते. कागदावर सतरा वर्षांचा पोरगा प्रत्यक्षात पंधराचा असू शकतो आणि एकोणीसचाही. म्हणून कागदावरच्या वयावरून वाढ किती बाकी आहे हे ठरवणं धोक्याचं. गेल्या दोन वर्षांत उंची किती वाढली, आवाज कधी फुटला, दाढी-मिशा कधी आल्या, थोरला भाऊ कोणत्या वयात थांबला, हे आईबापांना विचारलं तर जास्त खरं चित्र मिळतं.

वैद्यकीय तपासणीबद्दल तर स्वतंत्रच लिहायला हवं. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं प्रमाण गडचिरोली-चंद्रपूरच्या आदिवासी समाजांत लक्षणीय आहे. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांचं नियंत्रण करणाऱ्या संस्थेने 2010 पासून वरच्या श्रेणीच्या महाविद्यालयांत प्रत्येक नव्या खेळाडूची सिकलसेल वाहक तपासणी सक्तीची केली. सरावात कोसळून एका फुटबॉलपटूचा मृत्यू झाला होता, त्यानंतरचा हा निर्णय. वाहक असणं म्हणजे खेळ बंद असं मुळीच नाही. वाहक खेळाडू मोठमोठ्या लीगमध्ये खेळलेले आहेत. फक्त उन्हात पाण्याची सुट्टी द्यावी लागते, पहिल्या आठवड्यातच पोराला धावडवून पाडायचं नसतं, आणि पायात पेटके आल्यासारखं वाटलं तर 'नाटक करतो' म्हणून हिणवायचं नसतं. इथल्या कुठल्या निवड शिबिरात हे विचारलं जातं? शिबिराच्या पहिल्या दिवशी मागे पडलेला पोरगा आळशी म्हणून परत जातो. त्याच्या रक्तात लोह कमी असू शकतं, दोन महिन्यांपूर्वी मलेरिया झालेला असू शकतो. हिमोग्लोबिनची तपासणी तालुक्याच्या रुग्णालयात होते आणि तिला मोठा खर्च नाही. ती न करता दम मोजणं म्हणजे टायरमधली हवा न बघता गाडीचा ॲव्हरेज काढणं.

सोयी नसल्या तरी खेळाडू घडतात, असं म्हणणाऱ्यांना मुंबईच्या नागपाड्याचं उदाहरण आवडतं. ते उदाहरण उलट बाजूने वाचावं लागतं. नागपाडा गरीब, दाटीवाटीचा, पण तिथे घरापासून चालत जाता येईल असं बास्केटबॉलचं मैदान होतं आणि रोज संध्याकाळी त्यावर मोठे खेळाडू लहानांना पाडत होते. भारताचा कर्णधार झालेला अब्बास मुंतसिर त्याच मातीतला. त्याला 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. अशा ठिकाणी पोराला वेगळं हेरावं लागत नाही, रोजच्या खेळातच तो नजरेत भरतो. पुण्याची शिरीन लिमये भारतीय महिला संघाची कर्णधार झाली, तीही खेळ रुजलेल्या शहरातूनच. एवढं असूनही भारतात बास्केटबॉल खेळून पोट भरण्याची सोय अजून तकलादू आहे. 2015 ला सुरू झालेली यूबीए लीग दोन-तीन वर्षांत थांबली. 2022 मध्ये आयएनबीएल ही लीग आली. बहुतेक चांगले खेळाडू शेवटी रेल्वे, लष्कर किंवा एखाद्या सरकारी कंपनीत जातात. त्या अर्थाने भारतात 'व्यावसायिक' खेळाडू म्हणजे पुष्कळदा नोकरीवाला खेळाडू.

आणि इथे आपण आलापल्लीच्या खऱ्या हिशेबापाशी येतो. दहावी-बारावीपर्यंत पोरगा खेळतो, कारण खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. बारावी झाली की तो फायदा संपतो. गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये गडचिरोलीत सुरू झालं, तेव्हापासून आंतरमहाविद्यालयीन आणि पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धांची वाट तरी जवळ आली. पण या वयात पोराच्या डोक्यात एकच वेळापत्रक असतं, पोलीस भरतीचं. पहाटे नागेपल्लीकडे किंवा अहेरीच्या रस्त्याने धावणाऱ्या पोरा-पोरींच्या रांगा बघा. खनिजाच्या ट्रकची रांग सुरू व्हायच्या आत त्यांना धावणं उरकायचं असतं. यांतले अर्धे कालपर्यंत कबड्डी खेळत होते. त्यांनी खेळ सोडला म्हणून हळहळणाऱ्यांनी त्यांच्या जागी बसून विचार करावा. लीगमध्ये निवड होण्याची शक्यता किती, गुडघा गेला तर पुढे काय, आणि भरतीत लागला तर घरात दर महिन्याला काय येणार. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत 5 टक्के जागा राखीव आहेत खऱ्या, पण त्याला राज्य किंवा राष्ट्रीय पातळीची कामगिरी लागते, प्रमाणपत्राची पडताळणी लागते. ट्रॅम्पोलिनच्या बोगस प्रमाणपत्रांचं प्रकरण उघडकीला आल्यावर ती पडताळणी अधिकच किचकट झाली. तालुक्याच्या पातळीवर थांबलेल्या पोराला त्या आरक्षणाचा काहीच उपयोग नाही. त्याने भरतीचा रस्ता धरला तर तो शहाणाच म्हणायचा.

मग हेरणाऱ्यानेच भरतीच्या मैदानावर का जाऊ नये? एनबीएच्या निवडीआधी जी शारीरिक चाचणी होते, तिच्यासारखी चाचणी आपल्याकडे पोलीस भरतीत होते, आणि ती हजारो पोरांची. पुरुष उमेदवाराला 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत धावलं तर पूर्ण 20 गुण, 100 मीटर 11.50 सेकंदांत 15 गुण, 7.26 किलोचा गोळा साडेआठ मीटर टाकला तर 15 गुण. उंची, छाती आधीच मोजलेली. गडचिरोली जिल्ह्यातल्या तरुण शरीरांची इतकी मोठी आणि इतकी काटेकोर नोंद दुसऱ्या कुठल्या कार्यालयात असेल असं वाटत नाही. ज्याने मैदानी चाचणीत 50 पैकी 45 काढले आणि लेखी परीक्षेत मागे पडला, तो घरी जातो. त्याच्या आकड्यांकडे खेळाचा कोणी माणूस ढुंकूनही बघत नाही. लष्करात मात्र असं बघणारं कोणीतरी होतं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ 2012 मध्ये सैन्यात गेला. दुष्काळी गावचा, पाण्याची भीती वाटणारा पोरगा. त्याची उंची आणि दम पाहून त्याला नौकानयनात घातलं. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो तेरावा आला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत त्याच्या चमूने सुवर्ण जिंकलं. भरतीआधी त्याने वल्हं हातात धरलेलं नव्हतं.

गडचिरोली पोलीस दल गावागावांतल्या तरुणांसाठी वीर बाबूराव शेडमाके यांच्या नावाने कबड्डी आणि बिरसा मुंडा यांच्या नावाने व्हॉलीबॉल स्पर्धा भरवतं. म्हणजे खेळणारा पोरगा आणि भरती होऊ पाहणारा पोरगा, दोघेही त्याच दलाच्या नजरेखालून जातात. फक्त एकाची नोंद गुणपत्रिकेवर आणि दुसऱ्याची भरतीच्या यादीत. या दोन याद्या शेजारी ठेवल्या आणि भरतीत न लागलेल्या पण मैदानात वरच्या गुणांच्या पोरांना वर्षभर मॅट, पोषण आणि महिन्याचा थोडा भत्ता देऊन कबड्डीत किंवा व्हॉलीबॉलमध्ये ठेवलं, तर त्यांच्यापैकी किती वर येतील हे मी आज सांगणार नाही. ते पुढच्या भरतीला पुन्हा उभे राहतील, तेव्हा त्यांची धाव तरी सुधारलेली असेल, आणि त्यांच्या आईबापांना एवढंही पुरेसं वाटेल.